मदत हवी आहे: ग्लायडर जमिनीला टेकेचना

अधांतरी
ऑगस्टच्या बँक हॉलिडेचे, म्हणजे सोमवारच्या सुट्टीला जोडून आलेले, तिन्ही दिवस ग्लायडिंग क्लबात घातले. सकाळी साडेसातला हँगरचं दार उघडण्यापासून संध्याकाळी शेवटचा ग्लायडर पुसेपर्यंत. मिळाली एकूण ९ उड्डाणं, त्यातली निम्मी पाच-सहा मिनिटांची. त्यात ६ वेळा शेवटी इन्स्ट्रक्टरने स्टिक हातात घेतली. सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीला घालायचा फेरा) नीट, वेग नीट, आणि जमीन जवळ आली की माझं बिनसतं. दोन पुरुष उंचीवरच नाक उचलतो, ग्लायडर तरंगत राहतो आणि मग धप्प. जूनमध्ये हेच जमत होतं! एक म्हणतो लांब बघ, दुसरा म्हणतो उशिरा ओढ, तिसरा नुसता उसासा टाकतो. कोणाचं ऐकू? शनिवारी परत जायचंय, लवकर सांगा.

पुणेरी_पतंग
कुठे शिकताय? ग्लायडर कुठला? वर न्यायला विंच (जमिनीवरून तार गुंडाळत ओढणारं यंत्र) की विमानाने ओढतात? आत्तापर्यंत किती उड्डाणं? काहीच न सांगता "लवकर सांगा"!

अधांतरी
इंग्लंड, लंडनच्या उत्तरेला. विंच. के-२१. एकूण ४१. विंचचा लँडिंगशी काय संबंध?

घारमित्र
विंचचा नाही, के-२१ चा आहे. त्यात रेलून बसावं लागतं. पाठीमागची उशी बदलली की डोळा दोन बोटं वर-खाली होतो आणि क्षितिज वेगळ्याच जागी दिसतं. तिन्ही दिवस एकच उशी होती का? दुसरं, फ्लेअर करताना, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना, एअरब्रेकचं (पंखांवर उघडणाऱ्या, खाली आणणाऱ्या फळ्यांचं) काय करता? अर्धे उघडे असतील तर तसेच धरून ठेवा. घाबरून आत ढकललेत तर तरंगणारच.

रात्रपाळी
काँडॉर सिम्युलेटर घ्या. रात्री जेवणानंतर ४० लँडिंग. पैसे वाचतात, रांग नाही.

घारमित्र
आणि खोली कशी कळणार? सपाट पडद्यावर जमीन अंगावर येत नाही. सिम्युलेटरवर शिकलेली मुलं डोळे समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांत घालून बसतात, त्यांना बाहेर बघायला शिकवण्यात आमचा महिना जातो.

रात्रपाळी
व्हीआर नावाचं काही असतं हो काका.

पुणेरी_पतंग
हडपसरच्या धावपट्टीवर तार सुटल्याचा तो खट्ट आवाज अजून कानात आहे. वर गेलं की आधी घारी शोधायच्या. त्या जिथे गिरक्या घेतायत तिथे शिरलं की व्हेरिओ (वर चढतोय की खाली जातोय ते सांगणारं यंत्र) गायला लागायचा. आता चहूबाजूंनी इमारती. फुरसुंगीच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं होती.

मंदाकाकू
विषय निघालाय म्हणून विचारते. मुलाला वाढदिवसाला अशी फेरी भेट द्यायची आहे. वजन ९८ आहे. चालेल का? आणि त्याला घाटात उलटी होते.

भौतिक
सगळ्यांसाठी थोडक्यात: इंजिन नाही म्हणजे दगडासारखा पडतो असं नाही. के-२१ शांत हवेत १ फूट खाली येताना साधारण ३४ फूट पुढे जातो. विंच १२०० फुटांवर सोडतो असं धरलं तर हिशेब तुम्हीच करा.

अधांतरी
हे मला माहीत आहे. मी शेवटच्या दहा फुटांबद्दल विचारतोय.

नजर
जूनमध्ये जमत होतं म्हणता. मग जून ते ऑगस्ट काय बदललं?

अधांतरी
काही नाही. तोच ग्लायडर, तीच धावपट्टी. जुलैत फक्त चष्मा बदलला, चाळिशी लागली म्हणून प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) घेतला. पण दिसतं एकदम स्वच्छ.

नजर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. जिना उतरताना पाय चाचपडतो का?

अधांतरी
थोडा. पण जिन्याचं इथे काय?

नजर
तेच तर! प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग वाचायचा असतो आणि कडेने चित्र ओढल्यासारखं दिसतं. टेकताना नजर समोर लांब असते, पण उंचीचा अंदाज खालून आणि कडेने सरकणाऱ्या गवतावरून येतो. नेमकं तेच तुम्हाला वाकडं दिसतंय. माझ्या यजमानांना गाडी पार्क करताना हाच त्रास झाला होता.

रात्रपाळी
मग जुना चष्मा घालून जा की शनिवारी.

नजर
असला सल्ला देऊ नका. जुन्या नंबराने दुसरं विमान उशिरा दिसलं तर? चष्मेवाल्याला विचारून फक्त लांबच्या नंबराचा वेगळा करून घ्या. आणि उड्डाणाआधी इन्स्ट्रक्टरला हे सांगा, त्याला कोड्यात ठेवू नका.

घारमित्र
चष्म्याचं असेलही. उशीचं उत्तर अजून आलेलं नाही.

अधांतरी
शनिवारी निळी उशी, रविवारी बिनउशीचा, सोमवारी कोणाचं तरी जाकीट दुमडून. हसू नका.

घारमित्र
हसत नाहीये. पण दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने जमलं ते कळणार नाही. आधी एक उशी ठरवा, तिच्यावर नाव लिहा.

अधांतरी
चष्मेवाल्याची वेळ गुरुवारची मिळाली. काच तयार व्हायला आठवडा लागेल म्हणतात. म्हणजे या शनिवारी नुसता तार ओढणार आणि चहा करणार.

पुणेरी_पतंग
आम्ही पहिले दोन महिने तेवढंच केलं होतं.

मंदाकाकू
९८ चं कोणी सांगितलं नाही.

घारमित्र
काकू, के-२१ ला एका सीटवर पॅराशूट धरून ११० किलोपर्यंत चालतं. पॅराशूटचे सहा-सात धरा. जमेल, पण क्लबाचा स्वतःचा आकडा कमी असू शकतो, आधी फोन करा. आणि कपडे घालून वजन करा हं, लोक आंघोळीनंतरचं सांगतात.