मिरर्स एज: उडी एल१वर असावी की क्रॉसवर?

घोडबंदरकर

आमच्या ठाण्यातल्या मित्रांत 'मिरर्स एज' पुन्हा सुरू झालाय आणि त्याबरोबर जुनी तक्रारही: "गेम छान आहे रे, पण कंट्रोल्स काय विचित्र!" माझं मत नेमकं उलट आहे. त्या गेममध्ये सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट कुठली असेल तर कंट्रोल्स.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओचा हा फर्स्ट पर्सन गेम. कन्सोलवर नोव्हेंबर २००८मध्ये आला, पीसीवर जानेवारी २००९मध्ये. फेथ नावाची मुलगी गच्च्यांवरून पळत निरोप पोचवते, पोलीस मागे लागलेले असतात आणि आपल्याला सगळं तिच्या डोळ्यांनी दिसतं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरच्या वरच्या कडेला बोटांनी दाबायची चार बटणं असतात: डावीकडे एल१ आणि एल२, उजवीकडे आर१ आणि आर२. एल१ म्हणजे वर जायचं सगळं काही: उडी, भिंतीवर चढणं, भिंतीला लागून धावणं, अडथळा ओलांडणं. एल२ म्हणजे खाली: वाकणं, घसरणं, उंचावरून पडताना कोलांटी. आर१ दाबलं की गर्रकन मागे वळायचं, आर२ने मारायचं.

लोक म्हणतात, उडी क्रॉसवर, म्हणजे उजव्या अंगठ्याने दाबायच्या बटणावर का नाही? त्या अंगठ्यामुळेच! तो उजव्या स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीवर असतो आणि नजर त्या स्टिकने फिरते. क्रॉस दाबायला अंगठा उचलला की नेमकी उडीच्या क्षणी नजर अडकते. बंदुकीच्या गेममध्ये ते खपतं, कारण तिथे उडी मधूनमधून मारायची असते. इथे उडी हाच गेम आहे. हवेत असतानाच पुढचा कठडा, पाइप, दोरी शोधायची असते. एल१ने भिंतीवर चढा, टोकाला पोचताच आर१ने वळा, लगेच पुन्हा एल१ने पाठीमागच्या कठड्याकडे झेप घ्या. हे तिन्ही होतं तेव्हा दोन्ही अंगठे स्टिकवरच असतात. क्रॉसवर हे करून दाखवा.

नेरूळ_पश्चिम

असहमत. कागदावर हे सगळं पटतं, हातात कंट्रोलर आला की पटत नाही.

पहिला मुद्दा बोटांचा. आपल्याकडे बहुतेक जण एल१ आणि एल२ दोन्हीसाठी एकच तर्जनी वापरतात. कुंपणावरून उडी मारताना हवेत पाय पोटाशी घ्यावे लागतात, म्हणजे एल१ आणि पाठोपाठ एल२. एकाच बोटाने ते वेळेत होत नाही. तर्जनी एल१वर आणि मधलं बोट एल२वर ठेवून खेळायला आधी शिकावं लागतं, आणि हे कोणी सांगत नाही. त्यात पीएस३च्या कंट्रोलरचं एल२ बाहेरच्या बाजूला फुगीर, बोट घसरतंच.

दुसरा मुद्दा तुमच्याच तर्काचा. अंगठा स्टिकवरून हलू नये म्हणता ना? मग समोरच्याच्या हातातली बंदूक हिसकावायचं बटण ट्रँगलवर, म्हणजे क्रॉससारख्याच अंगठ्याच्या बटणावर का? बंदूक लाल दिसते तेवढ्या पळभरात ते दाबायचं, नाहीतर मार खायचा. आणि वेळ मंद करायचं बटण स्क्वेअरवर, तेही अंगठ्याचंच. म्हणजे जिथे जीव जातो तिथेच अंगठा उचलायला लावलाय. एवढं मोठं तत्त्व आणि ते मारामारी सुरू झाली की संपलं.

घोडबंदरकर

बोटांचा मुद्दा मान्य, दोन बोटं लागतातच. पण ट्रँगलचं तसं नाही. हिसकावणं जमलं की पुढची झटापट गेम स्वतःच दाखवतो, तेवढा वेळ नजर तुमच्या हातात नसतेच. त्यामुळे अंगठा उचलला तरी काही बिघडत नाही. शिवाय हा गेम मारामारीसाठी खेळूच नये. जड बंदूक हातात असली की फेथ धड पळू शकत नाही, भिंतीवर चढू शकत नाही. गोळ्या पुन्हा भरण्याची सोयच नाही, संपल्या की टाकून द्यायची. एकाही शत्रूवर गोळी न झाडता गेम पुरा केला तर वेगळं बक्षीस आहे. करणाऱ्यांना काय हवं होतं ते यातूनच कळतं.

नेरूळ_पश्चिम

दादा, हिसकावणं *जमलं की*. जमेपर्यंत समोर हलणाऱ्या माणसावर नजर ठेवायला स्टिक लागतेच की! आणि मारामारी टाळा म्हणणं सोपं आहे. शेवटाकडे काही ठिकाणी पोलिसांना चुकवून निघणं फार कठीण आहे.

ऐरोली_नाइटशिफ्ट

पीसीवाला बोलतोय. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तो प्रश्न आमच्याकडे उद्भवतच नाही. उडी स्पेसवर, वाकणं शिफ्टवर, मागे वळणं क्यूवर. डावा हात शरीर चालवतो, उजवा हात माउसवर नजर सांभाळतो आणि मारतो. हिसकावणंसुद्धा उजव्या क्लिकवर, नजर न सोडता.

कामाची वाटणी दोन हातांत अशी व्हायलाही वेळ लागला होता. १९९६च्या क्वेक या नेमबाजीच्या गेममध्ये माउसने बघणं सुरुवातीला आपोआप चालू नसायचं, ते आपण चालू करायचं. थ्रेश या टोपणनावाने खेळणाऱ्या खेळाडूने १९९७मध्ये क्वेकची स्पर्धा जिंकून क्वेक करणाऱ्यांपैकी जॉन कारमॅकची फेरारी मिळवली, आणि डब्ल्यूएएसडीची, म्हणजे कीबोर्डच्या या चार कळांनी चालायची पद्धत लोकप्रिय करण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. आज ती पद्धत जन्मापासूनची वाटते. एल१चंही तेच आहे. सवयीला "नैसर्गिक" म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

नौपाड्याची_गेमर

सवयीबद्दल सहमत, पण सवय प्रत्येकाकडून सारखीच मागितली जात नाही. माझा भाचा दिवसभर मोबाइलवर दोन अंगठ्यांनी नेमबाजी करतो. काचेवर उडीचं बटण तो हवं तिथे सरकवतो. त्याच्या हातात हा गेम दिला तेव्हा त्याला अवघड वाटलं ते बटण कुठे आहे हे नाही, तर एकाच बटणाने इतक्या गोष्टी होतात हे. भिंतीला तिरकं धावत जाऊन एल१ दाबलं तर फेथ भिंतीला लागून धावते, सरळ समोरून गेलात तर भिंतीवर चढते. कोन थोडा चुकला की हवं होतं एक आणि झालं दुसरं, खाली दरी. "मी हे दाबलंच नव्हतं" असं तो चिडून म्हणाला आणि मला ते पटलं.

उडी एल१वर की क्रॉसवर यापेक्षा मला हा वाद मोठा वाटतो. खेळणाऱ्याचा हेतू गेमने ओळखायचा असेल तर तो अचूक ओळखावा, नाहीतर चढण्याला आणि भिंतीवर धावण्याला वेगळी बटणं द्यावीत.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. पडद्याच्या मधोमध बारीक ठिपका असतो तो नेम धरण्यासाठी नाही, डोळ्यांना धरायला जागा मिळावी आणि मळमळू नये म्हणून आहे. मला अशा गेममध्ये गरगरतं, इथे बरंच कमी झालं.

घोडबंदरकर

ताई, वेगळी बटणं दिली तर गेमचा वेग जाईल. धावताना "आता चढू का धावू" हे बोटांना ठरवायला लावायचं नाही, पायांना ठरवायला लावायचं, हीच त्यातली गंमत. कोन हा खेळणाऱ्याने घेतलेला निर्णयच आहे. भाच्याला सांगा, भिंतीजवळ पोचायच्या आधीच तिरकं व्हायचं, अगदी शेवटच्या पावलाला वळायचं नाही.

उपवन_किनारा

सगळे चांगलं लिहिताय, पण एक बाजू राहून गेली. माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं अपघातानंतर पूर्ण वळत नाहीत. एल२ दाबून धरणं मला जमत नाही. मला एल१वाले बरोबर की क्रॉसवाले, याने काहीच फरक पडत नाही. मला फक्त बटण हलवता यायला हवं. पीएस४वर मार्च २०१५च्या अपडेटनंतर बटणांची अदलाबदल सिस्टिममधूनच करता येऊ लागली, तेव्हापासून मी वाकणं आर३वर (उजवी स्टिक आत दाबून) ठेवून कितीतरी गेम खेळलोय. २०१८मध्ये एक्सबॉक्सचा अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आला, त्याला मोठी बटणं आणि पायाने दाबायचे स्विचही जोडता येतात. गेम करणाऱ्याची मांडणी उत्तम असेल, ती पहिली म्हणून द्या. शेवटची म्हणून देऊ नका.

नेरूळ_पश्चिम

पूर्ण अनुमोदन. माझा मूळ राग हाच आहे. तत्त्व कितीही सुंदर असलं तरी ते माझ्या बोटांवर लादू नये.

घोडबंदरकर

उपवन, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, यावर वाद घालायचाच नाही. बटण हलवता आलंच पाहिजे, प्रत्येक गेममध्ये.

पण मांडणी चुकीची होती हे मी मानणार नाही. २०१५च्या डाइंग लाइटमध्ये उडी आर१वर आहे, तोही गच्च्यांवरून पळण्याचाच गेम. पोलंडच्या टेकलँडने तो केला, तिथेही लोक आधी कुरकुरले. म्हणजे दोन वेगळ्या देशांतले स्टुडिओ एकाच अडचणीपाशी आले आणि दोघांनीही अंगठा मोकळा ठेवला. आणि डाइसने याच मालिकेतल्या २०१६च्या कॅटॅलिस्टमध्ये फेथच्या हातातून बंदुका पार काढून टाकल्या, पण वर एल१ आणि खाली एल२ तसंच ठेवलं.

नेरूळ_पश्चिम

कॅटॅलिस्टचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्यात कोलांटी आणि गर्रकन वळणं सुरुवातीला मिळतच नाही, गुण जमवून उघडावं लागतं. बटण तुमच्या लाडक्या जागी आहे, पण दाबलं तर काही होत नाही! पहिल्या गेममध्ये या दोन्ही गोष्टी पहिल्या मिनिटापासून होत्या. तेवढ्यापुरता मी पहिल्याच्या बाजूने.

नौपाड्याची_गेमर

या एका मुद्द्यावर मीही पहिल्याच्या बाजूने. कोनाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. भाचा आता आधीच तिरका होतो, तरी भिंतीवरचा पाइप धरताना तोच गोंधळ होतो. झेप बरोबर दिशेला असते, हात पाइपाला लागल्यासारखा दिसतो आणि फेथ खाली. घोडबंदरकर, त्यावर काही उपाय असेल तर सांगा, उद्या शनिवार आहे आणि तो सकाळीच येऊन बसणार आहे.

घोडबंदरकर

पाइपाकडे झेप घेताना नजर पाइपावर ठेवायची, खाली जमिनीवर नाही. धाव लांबून सुरू करायची, वेग कमी पडला तर हात पोचत नाही. आणि एल१ गच्चीच्या अगदी काठावर दाबायचं, एक पाऊल आधी नाही. त्याला डावं मधलं बोट एल२वर ठेवायचीही सवय लावा, नेरूळवाल्यांचा तो मुद्दा खरा आहे.