मदत हवी आहे: काम अर्धवट असताना ब्रँच बदलू देत नाहीये गिट

अर्धाकोड:
गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, तातडीचा बग आलाय. माझं काम फीचर ब्रँचवर अर्धवट आहे, कमिट करण्याजोगं (पक्की नोंद करण्याजोगं) नाही. चेकआउट केलं (ब्रँच बदलायला गेलो) की एरर. काल असंच अर्धवट काम घेऊन दुसऱ्या ब्रँचवर गेलो तर काही बोललं नाही. आज काय झालं? कृपया लवकर सांगा.

टर्मिनलप्रेमी:
एरर पूर्ण चिकटवा. 'लोकल चेंजेस' म्हणतंय की 'अनट्रॅक्ड फाइल्स'?

कमिटवादी:
स्टॅशच्या (अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याच्या) नादी लागूच नका. 'अर्धवट' असा मेसेज टाकून कमिट करा, परत आलात की ती कमिट मागे घ्यायला गिट रीसेट हेड~१. बदल फाइलींत जसेच्या तसे राहतात. स्टॅश करून विसरणारे खूप पाहिलेत.

टर्मिनलप्रेमी:
@कमिटवादी आणि मध्येच पुश झालं, म्हणजे ती कमिट सर्व्हरवर गेली, तर? मग फोर्स पुश करत बसा.

कमिटवादी:
पुश कशाला होईल? स्वतःची ब्रँच आहे.

रिकामाकर्सर:
ब्रँच चुकून डिलीट झाली असेल तर रीफ्लॉगमध्ये (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीत) सापडते.

अर्धाकोड:
डिलीट काही झालेलं नाही! 'लोकल चेंजेस' आहे, खाली एकाच सेटिंग्ज फाइलचं नाव. टीममधला एकजण म्हणतो चेकआउट डॅश एफ (जबरदस्तीने ब्रँच बदलणं) मार. मारू?

टर्मिनलप्रेमी:
अजिबात नको! कमिट न केलेले बदल पुसले जातील, आणि ते रीफ्लॉगमध्येही नसतात. ती सेटिंग्ज फाइल दोन्ही ब्रँचवर वेगळी आहे, म्हणून गिट अडवतंय. काल तुम्ही हात लावलेल्या फाइली दोन्हीकडे सारख्या होत्या, म्हणून बदल सोबत आले. आता गिट स्टॅश करा. ॲड न केलेल्या नव्या फाइली असतील तर डॅश यू लावा, नाहीतर त्या स्टॅशमध्ये जात नाहीत.

दोनफोल्डर:
गिट वर्कट्री कोणीच कसं सुचवत नाही? २०१५ पासून आहे. मेन वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, अर्धवट कामाला हातच लावायला नको.

कमिटवादी:
आणि त्या फोल्डरमध्ये सगळी पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करा. इग्नोर केलेल्या फाइलीही तिथे येत नाहीत.

दोनफोल्डर:
एकदाच करायचं असतं ते. शिवाय चेकआउट सोडा आता, ब्रँच बदलायला २०१९ पासून स्विच कमांड आहे.

अर्धाकोड:
स्टॅश केलं, मेनवर आलो. पण स्टॅश लिस्टमध्ये आधीचेही दोन दिसतायत. पॉप केल्यावर (स्टॅश परत काढल्यावर) कुठला निघेल?

टर्मिनलप्रेमी:
सगळ्यात वरचा, शून्य क्रमांकाचा, म्हणजे आत्ताचाच. आधी फीचर ब्रँचवर परत जा, मग पॉप. कॉन्फ्लिक्ट आला तर स्टॅश यादीतच राहतो. सोडवून झालं की स्वतः ड्रॉप करा (यादीतून काढा). जुने दोन मात्र गिट स्टॅश शो डॅश पी ने उघडून बघितल्याशिवाय काढू नका.