सहा वेळा पहिला नंबर, तरी स्लेडला कुणी गंभीरपणे का घेत नाही?

खरखरती_सुई:
ग्लॅम रॉकचा (सत्तरच्या दशकातलं चमकीच्या कपड्यांतलं ब्रिटिश रॉक) विषय निघाला की मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी या गायकांवर पानंच्या पानं लिहिली जातात. स्लेड या ब्रिटिश बँडला मात्र 'ती चकचकीत कपड्यांतली मंडळी' म्हणून एका ओळीत उरकतात. १९७१ ते १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये यांची सहा गाणी पहिल्या नंबरवर गेली, त्यातली तीन तर पहिल्याच आठवड्यात थेट तिथेच उतरली! 'कॉझ आय लव्ह यू' हेडफोन लावून ऐका. बँडमधला जिम ली व्हायोलिन वाजवतोय आणि खाली बुटांचे ठोके पडताहेत. चाल फारच गुळगुळीत वाटली म्हणून ते ठोके आणि टाळ्या मुद्दाम घातल्या. कपड्यांनी या बँडला विकलं आणि कपड्यांनीच बुडवलं, असं माझं मत.

वाकडी_मान:
कपड्यांनी नाही हो, साच्याने बुडवलं. गायक नॉडी होल्डरने घसा फोडायचा, पब्लिकने कोरस धरायचा, झालं गाणं. बोवीने जुलै १९७३ मध्ये ऐन भरात झिगी या आपल्या गाजलेल्या पात्राला स्टेजवरच निरोप दिला. यांना ती आरसे लावलेली हॅट सोडवेना. आणि गाण्यांच्या नावांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायची ती टूम! पोरकटपणा नुसता.

पानी_का_पाणी:
स्पेलिंगवर बोलू नका, राव. ही वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉलकडची पोरं, तिथे बोलतात तसं लिहिलं. 'होम'मधला एच बोलताना गिळतात, म्हणून 'टेक मी बॅक ओम'. (मी नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा काहीतरी आध्यात्मिक असेल वाटलं होतं.) गावाकडचा माणूस 'पानी' म्हणाला की आपल्याकडेही लगेच शुद्धलेखन काढतात, त्यातलीच ही गत.

वाकडी_मान:
एकदा केलं तर बोली. सलग पाच-सहा गाण्यांना तेच केलं की जाहिरात. मॅनेजर चास चँडलर होता, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सला लंडनला आणणारा. त्याला विकायचं कसं ते बरोबर कळत होतं. याच पोरांना आधी त्याने डोकी भादरून स्किनहेड करून पाहिलं होतं, तेही चाललं नाही म्हणून मग चमकी.

खरखरती_सुई:
साचा सोडलाच नाही, हे साफ खोटं. १९७५ चा यांचा 'फ्लेम' सिनेमा बघा. लोक धमाल बघायला गेले आणि समोर आला धंद्यात पिळून निघालेला, फुटत चाललेला बँड. त्यातलं 'हाऊ डझ इट फील' पियानोवर सुरू होतं, मागे ब्रास. पंधराव्या नंबरवर अडकलं. म्हणजे बदलले तर पब्लिक रुसतं, नाही बदलले तर तुम्ही रुसता.

आणि ड्रमर डॉन पॉवेलचं काय? जुलै १९७३ च्या अपघातात त्याची प्रेयसी गेली, तो कसाबसा वाचला. वास गेला, चव गेली, कालचं आज आठवेना. त्या अवस्थेत पोरगा ड्रम्सवर बसला आणि काही आठवड्यांत न्यूयॉर्कच्या उकाड्यात ख्रिसमसचं गाणं रेकॉर्ड झालं. कोरसला घुमारा हवा म्हणून हे सगळे स्टुडिओच्या कॉरिडॉरमध्ये उभे राहून ओरडले. ब्रिटनमध्ये डिसेंबर आला की अजून तेच वाजतं.

मधला_बाक:
दोघांनी अमेरिका विसरली. 'कम ऑन फील द नॉइझ' स्लेडचं तिथे ९८ वर थांबलं. दहा वर्षांनी क्वायट रायट या अमेरिकन बँडने तेच गाणं, तीच चाल घेऊन पाचवा नंबर गाठला. म्हणजे गाण्यात दम होताच. १९८० ला इंग्लंडमधल्या रेडिंग फेस्टिव्हलमध्ये ऐनवेळी हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या जागी उभे केले, तर मेटलवाली पोरं डोक्यावर घेऊन नाचली.

वाकडी_मान:
लाइव्हला वाजवायचे कडक, ते मी कधी नाकारलं? त्यांचा लाइव्ह अल्बम 'स्लेड अलाइव्ह' माझ्याकडे आहे. पण त्यात जॉन सेबॅस्टियन या अमेरिकन गायकाचं इतकं हळवं गाणं घेतलंय, आणि ऐन शांततेत होल्डर माइकमध्ये ढेकर देतो. हा तुमचा गंभीर बँड!

खरखरती_सुई:
तो ढेकर सुरात आहे. परत ऐका.