मला मरायचं नाहीये (गंमत करत नाहीये)

निद्रानाश:
वय १९. दोन वर्षं डोक्यात एकच विषय, म्हातारपण थांबवता येईल का. घरी सांगितलं तर "आधी अभ्यास कर". मित्रांनी नाव ठेवलंय अश्वत्थामा, तेव्हा तो विनोद इथे नको.

१९९३ मध्ये सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेत मिलिमीटरभर लांबीच्या कृमीचं एकच जनुक बिघडलेलं होतं, आणि तो दुपटीहून जास्त जगला. एक जनुक! म्हणजे म्हातारपण हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नाही. मला यातच शिकायचंय. खुळचटपणा आहे का?

जुनाजाणता:
आहे. तो कृमी जगतो दोन-तीन आठवडे, त्याचं दुप्पट म्हणजे किती? झान काल्माँ १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये गेल्या. तो आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही. सरासरी आयुर्मान वाढलं ते मुख्यतः लहान मुलं दगावायची थांबली म्हणून. झोप काढ, बाळा.

निद्रानाश:
काका, आजवर मुळात हात घातलाच कोणी? आपण एकेक आजार झोडत बसलोय. २००९ चा रापामायसिनचा प्रयोग बघा. उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या साठीतले. तेव्हा औषध सुरू केलं, तरी दहातले नऊ मरायला लागणारा काळ माद्यांत १४ टक्के वाढला, नरांत ९.

तळटीप:
हेच औषध मूत्रपिंड बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायला देतात. उंदीर पिंजऱ्यात होते, तू बसमध्ये लोकांचा खोकला झेलतोस.

पेशीवाली:
मी त्वचेच्या पेशी वाढवायचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते. सुरुवातीला त्या सडपातळ असतात, एकमेकींना चिकटून एका दिशेला, मासे पोहावेत तशा. दर काही दिवसांनी बशी भरते, मी त्या वाटून नव्या बशांत घालते. काही महिन्यांनी बशी भरेनाशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पेशी पसरट, फुगलेल्या, तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या. मेलेल्या नसतात, नुसत्या बसून असतात. हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये मांडलं ते हेच, साधारण पन्नास विभाजनं आणि बास. गुणसूत्रांची टोकं दरवेळी झिजतात.

टोकं पुन्हा वाढवणारं एन्झाइम आहे, टेलोमरेज. पण ते चालू करूनच बहुतेक कर्करोगाच्या पेशी अमर होतात. हेन्रिएटा लॅक्स १९५१ मध्ये कर्करोगाने वारल्या, त्यांच्या गाठीतल्या पेशी आजही जगभर वाढताहेत. अमर पेशी मिळाल्या, बाई गेली. तुझ्या विषयाची खरी गाठ इथे आहे. खुळचटपणा मात्र मला वाटत नाही.

तळटीप:
हिशेबही करून टाकू. म्हातारपण पूर्ण थांबलं, आणि दरवर्षी हजारात एक जण अपघाताने वगैरे जातो असं धरलं, तरी ७०० वर्षांत निम्मे गेलेले असतील. याला अमरत्व म्हणू नका.

निद्रानाश:
७०० चालतील :)

जुनाजाणता:
आणि सातशे वर्षं खुर्च्या कोण सोडणार? तुझ्यासारख्या पोरांना जागा कुठून मिळणार?

निद्रानाश:
म्हणजे मला नोकरी मिळावी म्हणून तुम्ही मरायचं?

जुनाजाणता:
...बरोबर पकडलंस. पण ऐक. माझी आई ९१ ची आहे. तिला वर्षं नकोत, गुडघे हवेत.

निद्रानाश:
मी गुडघ्यांचंच बोलतोय, काका. शरीर नीट राहिलं तर वर्षं आपोआप वाढतील.

पेशीवाली:
मग पेशीशास्त्राआधी संख्याशास्त्र शिक. या क्षेत्रात दर महिन्याला एक चमत्कार जाहीर होतो. आणि खरं सांग, कसल्या गोळ्या-बिळ्या घेत नाहीस ना?

निद्रानाश:
एक पावडर. अर्धा डबा उरलाय.

जुनाजाणता:
टाकून दे, अश्वत्थाम्या.