ओरिजनल, अस्सल, कोरी : जुन्या गाडीला नेमकं काय म्हणावं?

परभणीकर

मामांची 1968ची फियाट डिलाइट आमच्या वाड्यात उभी आहे. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढं अख्खा बाक, आणि बॉनेटचा रंग उन्हानं असा मेलाय की हात फिरवला तर बोटांना खडू लागतो. परवा जालन्याहून एक गृहस्थ बघायला आले. एक फेरी मारली, डिकीतली चटई उचलून पाहिली, दारांच्या कडा न्याहाळल्या आणि म्हणाले, "गाडी ओरिजनल आहे." आमच्या मेकॅनिकला हसू आलं. "ओरिजनल कुठली हो? टायर बदलले, कार्बोरेटर दुसऱ्या फियाटचा, सीटला रेक्झिन तर मामींनी 1985 साली शिवून घेतलंय."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मला गाडीचं कमी आणि शब्दाचं जास्त वाटलं. भरपूर वापरलेली, पण रिस्टोअर न केलेली, म्हणजे पुन्हा नव्यासारखी न बनवलेली गाडी, हे सांगायला मराठीत शब्द कोणता? 'कोरी' म्हणता येत नाही. कोरं कापड पाण्यात बुडालेलं नसतं, आणि ही गाडी तर गोदावरीच्या पुरातून आलेली आहे. 'मूळ गाडी' म्हटलं की तिची दुसरी प्रत कुठंतरी असल्यासारखं वाटतं. 'अस्सल' म्हणावं, तर त्याच्या उलट 'नक्कल'. नवा रंग मारलेली फियाट नक्कल थोडीच होते?

दप्तरबंद

'अस्सल'ला इतक्यात सोडू नका. माझी सगळी नोकरी महसूलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. आपल्याकडचे निजामाच्या काळातले कागद बरेचसे उर्दूत, त्यामुळं हे शब्द रोज हाताखालून जायचे. 'अस्ल' अरबी, अर्थ मूळ, बुंधा. त्याचंच अनेकवचन 'उसूल'. 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. त्यात खोटेपणा नाही. सही-शिक्क्याची नक्कल कोर्टात चालते की. बनावट हा अर्थ बोलण्यातून नंतर चिकटला.

आता गाडीकडे या. अस्सल कागद फाटका असतो, वाळवीनं खाल्लेला असतो, शाई उडालेली असते, तरी अस्सलच. नक्कल स्वच्छ असते. पण समजा, अस्सलवरचं उडालेलं अक्षर कुणी चांगल्या हेतूनं पेनानं गिरवलं, तर आम्ही त्याला दुरुस्ती म्हणत नव्हतो. खाडाखोड म्हणत होतो, मग अक्षर कितीही बरोबर असो. फाटलेल्या कागदाला मागून पातळ कागद चिकटवला, तर मात्र कुणाची हरकत नसायची.

तुमच्या मामींचं रेक्झिन मला मागच्या चिकटवलेल्या कागदासारखं वाटतं. बॉनेट नव्यानं रंगवलं असतं तर ती खाडाखोड.

पाना-पक्कड

लातूरला गॅरेज आहे, म्हणून आमच्या बाजारातले शब्द सांगतो. आम्ही 'ओरिजनल' एकटा वापरतच नाही. 'कंपनी पेंट' म्हणतो, 'कंपनी इंजिन' म्हणतो, 'टचप' वेगळा, 'फुल पेंट' वेगळा. गिऱ्हाईक नुसतं 'ओरिजनल' म्हणालं की समजायचं, याला काही ठाऊक नाही किंवा याला विकायची आहे.

बघायचं कुठं? दाराचं रबर सोडवून त्याच्याखाली. रंगारी तिथं आळस करतो. चटईखाली, डिकीच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या मागं. पत्र्यावरून चुंबक फिरवायचं, पुट्टी जाड असली की पकड सुटते. स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे किती, तेही बघायचं. आणि चेसिसवरचा नि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी जुळवायचा. तुमच्या पाहुण्यांनी चटई उचलली म्हणजे माणूस जाणता आहे.

टायर, बॅटरी, प्लग, ब्रेक लायनर, फॅनबेल्ट, पाण्याचे पाईप हे मोजायचं नाही, ते गाडीचं खाणं आहे. 1968चे टायर घालून गाडी चालवली तर ओरिजनल राहील गाडी, मालक राहायचा नाही. कार्बोरेटर मात्र खाण्यात येत नाही, तिथं तुमचा मेकॅनिक बरोबर.

अजून एक. आपल्याकडं कितीतरी पेट्रोल जीपांमध्ये मालकांनी परवडावं म्हणून डिझेल इंजिनं बसवली. चाळीस वर्षं ती जीप डिझेलवरच शेतात फिरली. आता कुणी शोधून पेट्रोल इंजिन आणून बसवलं, तर ती जास्त ओरिजनल झाली का कमी? मला तर सांगता येत नाही.

पितळखोरा

हौ, हाच घोळ बाहेरच्यांनाही पडला होता. 1966 साली स्थापन झालेली 'फिवा' ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथं 30 वर्षांपुढचं वाहन ऐतिहासिक धरतात आणि जतनाच्या हिशेबानं गट पाडतात. 'ओरिजनल' हा पहिला गट : जशी कारखान्यातून आली तशीच, फार न वापरलेली, फार न झिजलेली. म्हणजे तुमची 'कोरी'. दुसरा 'ऑथेंटिक' : वापरलेली, कदाचित झिजलेली, पण रिस्टोअर न केलेली आणि पूर्वेतिहास माहीत असलेली. हा दप्तरबंद काकांचा 'अस्सल' झाला. पुढं रिस्टोअर केलेल्या आणि नव्यानं जुळवलेल्या गाड्यांचे गट. जीपसाठीही सोय आहे, त्या-त्या काळात केलेले बदल वेगळे नोंदवतात.

म्हणजे इंग्रजीतसुद्धा एका शब्दानं भागलं नाही.

खाडाखोडीवरून अजिंठा आठवला. 1920च्या सुमारास निजाम सरकारनं चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेक्कोनींना बोलावलं. त्यांनी सुटत आलेले पोपडे भिंतीला धरून ठेवले, हे उपकारच. पण वरून लाखेचं व्हार्निशही दिलं. पुढं ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. एकाच माणसाच्या हातून दोन्ही कामं झाली. परभणीकर, खडू झालेल्या रंगावर कुणी क्लिअर लॅकर मारून चकचकीत करून देतो म्हणालं, तर आधी अजिंठ्याला जाऊन या.

नागसेनवन

मिलिंद कॉलेजात शिकलो, त्यामुळं गप्प बसवत नाही. जुन्या बौद्ध संवादात मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं हेच विचारलं होतं : आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळ्याला राजा नाही म्हणाला. रथ हे नुसतं बोलण्यापुरतं नाव.

पाना-पक्कड

खरंय सर, पण आरटीओत चेसिस नंबर विचारतात.

नागसेनवन

ते नागसेनाला सुचलं नाही हे कबूल!

आरटीओचा विषय निघालाच, तर सरकारची व्याख्याही घ्या. जुलै 2021च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. रंगाचा शब्द व्याख्येत नाही. तिथलं 'मूळ' म्हणजे हाडं, कातडी नव्हे. मामांची फियाट त्यात बसेल, आणि कालच रंगवलेलीही बसेल.

परभणीकर

सगळं वाचून मामांपुढं ठेवलं. ते म्हणाले, "एवढं काय बोलायलेत? अंगचा रंग आहे म्हणा की."

हा शब्द आपल्याला कसा सुचला नाही? अंगचे गुण, अंगचं तेल सोडून शिजणारा मसाला, तसा अंगचा रंग. गंमत अशी की तो गाडीला लागत नाही. 'अंगची गाडी' म्हणता येत नाही. भागाभागालाच लावावा लागतो, म्हणजे आपोआप हिशेब द्यावा लागतो. पूर्ण गाडीला मी 'अस्सल' ठेवतो, दप्तरबंद काकांच्या अर्थानं, वाळवीसकट.

जाहिरात अशी लिहिली आहे : फियाट डिलाइट, 1968, अस्सल. रंग अंगचा, इंजिन अंगचं, काचा अंगच्या. कार्बोरेटर उसना. सीट मामींची.

पाना-पक्कड

'काचा अंगच्या' लिहिण्याआधी काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का बघितला का? पुढची काच बदललेली असते बहुतेक.

परभणीकर

बघितला. पुढची वेगळी निघाली. जाहिरात दुरुस्त केली, खाडाखोड म्हणा हवं तर.