ओटीजीचा (विजेच्या छोट्या ओव्हनचा) दिवा लागतो, पण तापत नाही. दोन्ही रॉड एकदम जातात का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. घरी २८ लिटरचा ओटीजी आहे, मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असं लिहिलंय. आठ वर्षं झाली घेऊन. केक वर्षातून दोनदा, बाकी बिचाऱ्याचं आयुष्य बाफल्यांतच (कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले) गेलं.

रविवारी नणंदेकडची मंडळी जेवायला होती. बाफले उकडले, निथळले, ट्रेमध्ये मांडून २०० वर लावले. वीस मिनिटांनी पाहते तर जसेच्या तसे, पांढरेफटक. लाल दिवा चालू, टायमर टिकटिकतोय, पण वरचे रॉड गार आणि खालचेही. शेवटी जाड कढईत झाकण ठेवून कसेबसे भाजले. सासूबाई म्हणाल्या, "कंड्यांना (गोवऱ्यांना) बटण नव्हतं, बिघडतही नव्हते."

प्लग दुसऱ्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. त्याच सॉकेटवर इस्त्री तापते. वरचे रॉड, खालचे रॉड, दोन्ही, सगळीकडे बटण फिरवलं. काही नाही. मिस्त्री आले, ओव्हन न उघडताच म्हणाले, दोन्हीकडचे रॉड गेले, सेट बदला, अठराशे रुपये. एवढ्या जुन्या ओव्हनवर हा खर्च करावा का? आणि वरचे-खालचे एकाच दुपारी जातात तरी कसे?

जुना वायरमन:
ताई, मिस्त्रींना जरा थांबवा. वरचे आणि खालचे रॉड वेगवेगळ्या फांद्यांवर असतात. एक गेला तरी दुसरीकडचे तापतात. दोन्ही गप्प म्हणजे बिघाड बहुतेक सामाईक वाटेवर आहे. थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान राखणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) किंवा मधली एखादी वायर. दिवा बहुधा टायमरनंतर जोडलेला असतो, म्हणजे टायमरपर्यंत वीज येतेय.

घरात कुणाकडे मल्टिमीटर आहे का? असेल तर प्लग सॉकेटमधून उपसून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. टायमर चालू, थर्मोस्टॅट २०० वर, दोन्ही रॉड निवडा आणि प्लगच्या खालच्या दोन पिनांत रोध मोजा. हिशेब सोपा: २३० गुणिले २३० भागिले १५००, म्हणजे ३५ ओहमच्या आसपास यायला हवा.

बडोद्याची सुगरण:
विषयांतराबद्दल माफी, पण बाफल्यात मक्याचं पीठ किती घालता?

धागाकर्ती:
चार वाट्या जाड कणकेला एक वाटी. ओवा विसरू नका.

काका, भाच्याने मीटर लावला. आकडाच येत नाही, नुसतं ओपन, म्हणजे वाट तुटलेली दाखवतो. आता?

जुना वायरमन:
मग उघडा. मायक्रोवेव्ह असता तर हात लावू नका म्हटलं असतं, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जबर झटका देतो. ओटीजीत तो नसतो. तरी प्लग काढलेलाच हवा आणि ओव्हन गार. बटणांच्या बाजूचं पत्र्याचं कव्हर काढा आणि तारांना हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठली, हे नंतर आठवत नाही.

रॉडची एक बाजू सुटी करून वरची जोडी आणि खालची जोडी वेगळी मोजा. तुमच्या मॉडेलमध्ये दोन्ही सारख्या असतील तर प्रत्येकी ७० ओहमच्या जवळपास. रॉड आणि पत्रा यांच्यातही मोजा, तिथे मात्र काहीच आकडा येता कामा नये. आला तर तो रॉड बादच.

धागाकर्ती:
वरची जोडी ६९, खालची ७१. पत्र्याशी काही नाही. म्हणजे रॉड ठणठणीत! थर्मोस्टॅटवरची एक तार मात्र टोकाला काळीठिक्कर, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) जळून ठिसूळ झालाय, बोट लावताच निसटला. गेले काही दिवस जळका वास येत होता, मी समजले तुपाचा. भाचा म्हणतोय सोल्डर मारून देतो.

जुना वायरमन:
सोल्डर नको! साधं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, दुसऱ्याच घाण्याला तार परत सुटेल. लग सैल झाला की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, तापून आणखी सैल होतो. साडेसहा अँपिअर त्याच सांध्यातून जातात. नवा पितळी लग नीट दाबून बसवा आणि जळका भाग कापून टाका. तार कमी पडली तर घरातली साधी पीव्हीसी वायर जोडू नका, ती ७० अंशांसाठी असते. फायबरग्लासच्या आवरणाची मागा. थर्मोस्टॅटची पिन काळी असेल तर घासून पाहा, खड्डे पडले असतील तर थर्मोस्टॅटच बदला.

धागाकर्ती:
भाचा महाराणी रोडवरून लग आणि हातभर वायर घेऊन आला, शंभराच्या आत. पिन घासून चकचकीत झाली. आता प्लगवर ३५ येतात. कव्हर लावून रिकामाच चालू केला, पाच मिनिटांत वर-खाली दोन्ही लाल, आणि थोड्या वेळाने थर्मोस्टॅटचा टक् आवाजही आला.

मिस्त्रींना फोन करून रॉड नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं, वायरिंग तपासायला हवं."