दुकानातल्या पोरानं माल उचलला. पोलिसांत द्यावं का?

मिरजकर दुकानदार
मंडळी, सल्ला हवाय. मिरजेत आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. तीन वर्षं एक पोरगा कामाला आहे, आता विशीतला. दिवाळीआधी पाव किलोच्या काजूची 40 पाकिटं मागवली होती. विकली गेली 26, माळ्यावरच्या खोक्यात उरली 6. मी दोनदा मोजली, मग बायकोनं मोजली. शेवटी त्याच्या स्कूटीच्या डिकीत दोन सापडली. मग सगळंच कबूल केलं: काजूची 8 पाकिटं, तेलाच्या 12 पिशव्या. पावणेचार हजारांचा माल.

घरी आजारपण वगैरे काही नाही. स्कूटीचा हप्ता थकला होता म्हणाला. काहीतरी खोटं तरी सांगायचं होतं, मला सोपं गेलं असतं!

घोळ असा की पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे 1600 मीटर धावून साडेआठला शटर उघडायला हजर. तक्रार दिली तर ते सगळं संपलं. इकडे व्यापारी मित्र म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाक, बाकीचे सावध होतील. काय करू?

घाऊकवाला
तक्रार द्या. मी असंच एकाला सोडलं होतं, उगाच गाजावाजा नको म्हणून कुणाला बोललो नाही. चार महिन्यांत तो माझ्या साडूच्याच दुकानात लागला आणि गल्ल्यातून 11 हजार घेऊन गेला. साडू अजून विचारतो, "तुला माहीत होतं ना?" माफ तुम्ही करणार, भुर्दंड दुसऱ्याला.

जुना कारकून
वकिलाकडे बरीच वर्षं कारकुनी केली, तेवढ्यावर सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम 303. त्यात पहिलाच गुन्हा असेल, माल 5000 रुपयांच्या आतला असेल आणि तो परत केला किंवा भरून दिला, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. वाचायला बरं वाटतं, पण तुमचा पोरगा पडला नोकर. नोकरानं मालकाचा माल उचलला की कलम 306, सात वर्षांपर्यंत. पहिला गुन्हा म्हणून कोर्ट 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडूही शकतं. पण तिथवर पोचेपर्यंत तारखांवर तारखा, आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हा नोंदलेला दिसणारच.

फोटो मात्र अजिबात टाकू नका. गावभर फिरेल, परत घेता येणार नाही, आणि बदनामीचं झेंगट तुमच्याच गळ्यात येईल.

सांगलीची ताई
त्याच्या आईला कळवलंत का हो? आधी ते करा. पैसे पगारातून कापणार असाल तर दोघांच्या सहीनं लिहून ठेवा. घाऊकवाल्या दादांचं सोडून देऊ नका, ते बरोबर बोलतायत.

मिरजकर दुकानदार
आठ दिवसांनी लिहितोय. आई आली होती पोराला घेऊन. तिनं कमरेच्या पिशवीतून नोटांची घडी काढून काउंटरवर ठेवली, दीड हजार म्हणाली. तिच्यासमोर मोजायला जीव होईना. नंतर मोजले तर 1450 निघाले. उरलेले त्याच्या नावानं उधारीच्या वहीत मांडलेत, त्याची सही घेऊन. स्कूटी विकायला काढलीय.

पोलिसांत गेलो नाही, ग्रुपवरही काही टाकलं नाही. पण साडूची गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून पोराला तोंडावर सांगितलं, "उद्या दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं फोन करून विचारलं तर मी खरं तेच सांगणार." काही बोलला नाही, साखरेचं पोतं सोडायला गेला.

माळ्यावर आता मीच चढतो. गुडघ्यांचे हाल आहेत.